एकशे बत्तीस श्रेयांकांची पदवी

बारावीचा निकाल लागून प्रवेशाची धांदल सुरू झाली, की गिरगाव, परळ, दादर ह्या भागांतील महाविद्यालयांच्या कचेऱ्यांसमोर जे पालक रांग धरून उभे राहतात, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या घरात पदवीच्या वर्गात पाऊल टाकणारे ते पहिलेच मूल असते. गुणपत्रिकेच्या किती प्रती लागतील, जातीचा दाखला कोणत्या मुदतीत रुजू करावा, शुल्क हप्त्याने भरण्याची मुभा मिळेल काय, ह्या गोष्टींची ते कसोशीने चौकशी करतात. पण ज्या पदवीसाठी एवढा आटापिटा चालला आहे, ती पदवी आपल्या मुलाकडून तीन वर्षांत काय काय मागणार आहे, हे विचारण्याचे त्या गडबडीत राहूनच जाते. संगणकशास्त्राच्या बाबतीत हे राहून जाणे विशेष महागात पडते. घरी संगणक आणून दिला, एखादा क्लास लावला, की निम्मे काम झाले, असा समज लालबागच्या चाळीतल्या खोलीपासून दादरच्या टोलेजंग इमारतीपर्यंत सर्वत्र सारखाच आढळतो. विद्यापीठाने घातलेल्या अटी शांतपणे वाचल्या, तर मात्र निराळेच चित्र दिसते. ज्या विषयांचे यंत्राशी असलेले नाते वरवर पाहता जाणवतही नाही, ज्यांना विद्यार्थी ‘हे कशाला ठेवलंय?’ म्हणून नाके मुरडतात, तेच विषय ह्या पदवीचा टिकाऊ भाग आहेत, आणि बाकीचा पुष्कळसा भाग दर पाच-दहा वर्षांनी बदलत जाणारा आहे. ही गोष्ट पालकांच्या आणि मुलांच्या मनावर ठसावी, एवढ्यासाठीच ह्या अटींचा थोडा विस्ताराने विचार करण्याचे योजिले आहे.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ च्या जुलै महिन्यात झाली, आणि १८६२ साली बी. ए. ची पहिली परीक्षा जे चौघे उत्तीर्ण झाले, त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघे होते. त्या काळी विद्यापीठ स्वतः शिकवीत नसे. अभ्यासक्रम नेमावा, परीक्षा घ्यावी आणि उत्तीर्णांना पदवी बहाल करावी, एवढाच त्याचा अधिकार. शिकवण्याची जबाबदारी एल्फिन्स्टनसारख्या महाविद्यालयांची. विद्यार्थ्याने महाविद्यालयात ठरावीक काळ हजेरी लावून टर्म भरावी आणि मग परीक्षेला बसावे, हा शिरस्ता तेव्हापासूनचा. आज पहिल्या वर्षाचा विद्यार्थी ‘मला एटीकेटी लागली’ असे जेव्हा म्हणतो, तेव्हा टर्म भरण्याचीच ती जुनी कल्पना त्याच्या तोंडी असते. राहिलेले विषय मागाहून सोडवण्याच्या शर्तीवर पुढच्या वर्गाची टर्म भरण्यास त्याला परवानगी मिळालेली असते. विद्यापीठाचा स्वतःचा संगणकशास्त्र विभाग कालिन्याच्या विद्यानगरीत आहे, आणि ज्या इमारतीत तो नांदतो तिला रानडे भवन हे नाव आहे. पहिल्या पदवीधरांपैकी एकाच्या नावाच्या वास्तूत ह्या सर्वांत नव्या शास्त्राचे बिऱ्हाड असावे, ह्याचे मला मनापासून समाधान वाटते.

परंतु मुंबईत संगणक आला तो विद्यापीठाच्या दारातून नव्हे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५० नंतरच्या दशकात रंगस्वामी नरसिंहन ह्यांच्या नेतृत्वाखाली काही तरुणांनी भारतीय बनावटीचा अंकीय संगणक रचण्याचा उद्योग आरंभिला. आधी एक लहान प्रायोगिक यंत्र तयार झाले. पूर्ण आकाराचे यंत्र १९६० साली चालू झाले, आणि १९६२ साली त्याला टिफरॅक हे नाव देण्यात आले. त्यात सुमारे २७०० निर्वात नळ्या होत्या, आणि त्याची स्मृती प्रारंभी १०२४ शब्दांची, म्हणजे आजच्या साध्यात साध्या भ्रमणध्वनीपुढेही नगण्य अशी होती. हे यंत्र रचणाऱ्यांपैकी कोणापाशीही संगणकशास्त्राची पदवी नव्हती, कारण तशी पदवी देशात कोठेच दिली जात नव्हती. ते गणित, पदार्थविज्ञान किंवा विद्युत अभियांत्रिकी शिकलेले लोक होते, आणि परदेशातील यंत्रांविषयीचे अहवाल वाचून, त्यांतले तत्त्व समजून घेऊन, आपल्या हाताशी असलेल्या सामग्रीतून त्यांनी ते उभे केले. टिफरॅकच्या त्या नळ्या, त्याच्या स्मृतीचे ते फेराइटचे गाभे आज वस्तुसंग्रहालयात शोभतील. पण ज्या गणिताच्या बळावर ते यंत्र चालले, ते गणित आजही पहिल्या वर्षाच्या पुस्तकात जसेच्या तसे आहे. जॉर्ज बूल ह्या इंग्रज गणितज्ञाने तर्काचे बीजगणित १८५४ साली ग्रंथरूपाने मांडले, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेच्याही तीन वर्षे आधी. आणि संगणकरचनेच्या पहिल्याच प्रकरणात विद्यार्थ्याला आजही त्याचेच नियम घोकावे लागतात.

आता प्रत्यक्ष पदवीकडे वळू. मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी. संगणकशास्त्रासाठी बारावीला गणित असणे अगत्याचे आहे, आणि ही अट केवळ गाळणी म्हणून घातलेली नाही, हे पहिल्या सत्रातच कळून येते. २०१६-१७ पासून जो अभ्यासक्रम लागू झाला आणि ज्यातून आजचे बहुसंख्य तरुण पदवीधर बाहेर पडले, त्याची घडण पाहण्यासारखी आहे. पहिल्या सत्रात संगणकाची रचना, पायथन ह्या भाषेतील प्रोग्रॅमिंग, मुक्त स्रोत सॉफ्टवेअर, डेटाबेस हे चार विषय उघडउघड यंत्राचे. परंतु त्यांच्याच बरोबरीने डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स आणि संख्याशास्त्र हे दोन विषय तेवढ्याच वजनाचे. दुसऱ्या सत्रात सी भाषा, लिनक्स, डेटा स्ट्रक्चर्स ह्यांच्या जोडीला कलनशास्त्र आणि पुन्हा संख्याशास्त्र. तिसऱ्यात जावा आणि ऑपरेटिंग सिस्टिम ह्यांच्या शेजारी गणनेचा सिद्धान्त आणि आलेखसिद्धान्त. चौथ्यात नेटवर्क आणि सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग ह्यांच्या शेजारी अल्गोरिदम आणि रेषीय बीजगणित. तिसऱ्या वर्षी मग कृत्रिम बुद्धिमत्ता, माहितीची सुरक्षा, क्लाउड, डेटा सायन्स अशी नव्या युगाची नावे येतात. विद्यार्थी ह्या शेवटच्या नावांकडे डोळे लावून प्रवेश घेतो, आणि पहिल्या दोन वर्षांतले गणित पाहून हिरमुसतो.

त्या हिरमुसण्याला उत्तर म्हणून आलेखसिद्धान्ताचे एकच उदाहरण घेतो, आणि तेही आपल्या रोजच्या वाटेवरचे. करी रोडला राहणाऱ्या मुलीला चर्नी रोडला जायचे आहे. रेल्वेचा नकाशा घेतला, तर प्रत्येक स्थानक म्हणजे एक बिंदू आणि लगतच्या दोन स्थानकांमधला रुळाचा तुकडा म्हणजे एक रेषा. अशा बिंदुरेषांच्या जाळ्यालाच गणितात आलेख म्हणतात. नकाशाप्रमाणे तिने मध्य रेल्वेने परळमार्गे दादर गाठावे, तेथे पश्चिम रेल्वेची गाडी पकडावी आणि प्रभादेवी, लोअर परळ, महालक्ष्मी, मुंबई सेंट्रल, ग्रँट रोड असे करीत उतरावे. म्हणजे एकूण आठ तुकडे झाले. परंतु परळ आणि प्रभादेवी ही स्थानके पादचारी पुलाने जोडलेली आहेत, हे तेथल्या पोराटोरांनाही ठाऊक असते. ती एक रेषा जाळ्यात वाढवली, की प्रवासाचे दोन तुकडे वाचतात आणि दादरची चेंगराचेंगरी टळते. आणि करी रोडवरून सरळ चालत लोअर परळ गाठले, तर गाडीचे चारच तुकडे उरतात. आता चालण्याची मिनिटे, गाडीची मिनिटे, गाडीची वाट पाहण्यात जाणारी मिनिटे अशी प्रत्येक रेषेला किंमत लावून द्यावी आणि सर्वांत कमी खर्चाचा मार्ग शोधायला यंत्राला सांगावे. हे शोधण्याची जी रीत एड्सगर डाइक्स्ट्रा ह्या डच शास्त्रज्ञाने १९५९ साली प्रसिद्ध केली, ती समजून घ्यायला कोणतीही संगणकीय भाषा यावी लागत नाही, कागद-पेन्सिल पुरते. ज्या मुलीला ती एकदा समजली, तिला ती पायथनमध्ये लिहिता येईल, जावामध्ये लिहिता येईल, आणि अजून जन्माला न आलेल्या भाषेतही लिहिता येईल. आणि कोणता पूल नकाशात दाखवायचा राहिला आहे, हे ओळखण्याची नजर जी तिला येईल, ती तर कोणत्याही भाषेच्या पुस्तकात सापडणार नाही.

भाषांचे आयुष्य किती अल्प असते, ते जुन्या विद्यार्थ्यांना विचारावे. फोर्ट्रान १९५७ सालची, पास्कल १९७० ची, सी १९७२ ची, पायथन १९९१ ची, जावा १९९५ ची. एकेका पिढीने एकेक भाषा जीव ओतून आत्मसात केली आणि नोकरीत दुसरीच वापरली. उलट, कोष्टकांच्या स्वरूपात माहिती साठवण्याचा जो सिद्धान्त एडगर कॉड ह्याने १९७० साली मांडला, त्याच्याच आधारावर बँकेतले आपले खाते आजही उभे आहे. आणि काही प्रश्नांची उत्तरे कोणताही प्रोग्रॅम कधीच देऊ शकणार नाही, हे ॲलन ट्युरिंगने १९३६ साली सिद्ध केले, तेव्हा आजच्या अर्थाचा संगणक कोठेही बांधला गेलेला नव्हता. गणनेच्या सिद्धान्ताचा पेपर अवघड म्हणून जो रडतो, त्याला ही गोष्ट वर्गात सांगितली जात नसेल, तर तो दोष विद्यार्थ्याचा नव्हे.

ह्या सगळ्याचा हिशेब ज्या मापाने होतो, त्याला श्रेयांक म्हणतात. महाविद्यालयात मात्र सर्रास ‘क्रेडिट’ हाच शब्द चालतो. आजच्या नियमांप्रमाणे पंधरा तासांची व्याख्याने म्हणजे एक श्रेयांक, आणि प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक मिळवायला तीस तास प्रयोगशाळेत बसावे लागते. २०१६ च्या पद्धतीत दर सत्राला वीस, म्हणजे सहा सत्रांत एकशे वीस श्रेयांकांची पदवी होती. त्या पद्धतीप्रमाणे परीक्षेत ऐंशी किंवा त्याहून अधिक गुण मिळाले, तर दहा श्रेणीगुण, सत्तरच्या वर नऊ, साठच्या वर आठ, आणि असे उतरत चाळिशीच्या काठावर चार, त्याखाली शून्य. ह्या श्रेणीगुणाला त्या विषयाच्या श्रेयांकाने गुणायचे, सर्व विषयांची बेरीज करायची आणि एकूण श्रेयांकांनी भागायचे. चार श्रेयांकांच्या विषयात नऊ आणि दोन श्रेयांकांच्या विषयात सहा मिळाले, तर छत्तीस अधिक बारा, म्हणजे अठ्ठेचाळीस, भागिले सहा, म्हणजे आठ. गुणपत्रिकेवरचा आकडा पाहून ‘आठच का?’ म्हणून चिंतित होणाऱ्या वडिलांना हा आकडा शंभरांपैकी नव्हे, दहांपैकी आहे, एवढे तरी मुलाने प्रेमाने समजावून सांगावे. हजेरीची अट पंचाहत्तर टक्क्यांची आहे. एटीकेटीच्या सवलतीलाही मर्यादा आहे, आणि तिसऱ्या वर्षात पाऊल टाकण्यापूर्वी पहिल्या वर्षाचे सर्व विषय सुटलेले असावेत, असा आजवरचा दंडक आहे. पहिल्या वर्षी गणितात राहिलेली केटी दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस गळ्याशी येते ती ह्यामुळे.

परंतु ज्या दोन अटींनी विद्यार्थ्याची खरी ओळख पटते, त्यांचे मोल गुणपत्रिकेवरून कळत नाही. पहिली अट जर्नलची. प्रत्येक प्रात्यक्षिकाचा प्रोग्रॅम, त्याचे आउटपुट, तारीख आणि शिक्षकांची सही असलेली ही वही सत्राच्या शेवटी विभागप्रमुखांकडून प्रमाणित झाल्याखेरीज प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नाही. शेवटच्या आठवड्यात वर्गातल्या एखाद्या हुशार मुलीचे जर्नल हातोहात फिरते आणि रात्रभर जागून बाकीचे ते उतरवून काढतात, हे प्रत्येक महाविद्यालयाच्या अनुभवाचे आहे. मात्र परीक्षेच्या दिवशी बाहेरचे परीक्षक ते जर्नल उघडून, ‘ही ओळ काढून टाकली तर काय होईल?’ असे शांतपणे विचारतात, तेव्हा उतरवलेले आणि केलेले ह्यांतला फरक अर्ध्या मिनिटात उघडा पडतो. असा एक प्रश्न विचारणारा परीक्षक विद्यार्थ्यांना कठोर वाटतो. माझ्या मते, त्याच्याइतका उपकारकर्ता दुसरा नाही.

दुसरी अट शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाची. मुंबईत त्या प्रकल्पाच्या अहवालाला ‘ब्लॅक बुक’ म्हणतात, कारण त्याची बांधणी काळ्या रेक्झिनमध्ये करून वर सोनेरी अक्षरांत प्रकल्पाचे, विद्यार्थ्याचे आणि महाविद्यालयाचे नाव उठवण्याची रूढी आहे. आरंभी महाविद्यालयाचे प्रमाणपत्र, मग विद्यार्थ्याचे प्रतिज्ञापत्र, मग ऋणनिर्देश, अनुक्रमणिका, गरजांचे विश्लेषण, आकृत्या, कोष्टकांची रचना, प्रोग्रॅमची पाने, चाचण्यांचे निकाल: असा त्याचा ठरलेला घाट असतो. सबमिशनचे दिवस आले, की बाइंडिंगच्या दुकानांत ह्या काळ्या ग्रंथांचे ढीग लागतात आणि ‘उद्या सकाळी हवंच’ अशी विनवणी करणाऱ्या मुलांची रीघ लागते. ह्या ढिगांत ग्रंथालयाची नोंदणी, रुग्णालयाची नोंदणी, उपाहारगृहाची बिले, अशी तीच ती नावे पुनःपुन्हा दिसतात, आणि त्यांपैकी कित्येक तयार प्रकल्प विकत घेतलेले किंवा कोठून तरी उचललेले असतात, ह्याची मला खंत वाटते. ही मुले ज्या वस्तीत राहतात तेथे प्रकल्पांना काय तोटा आहे? लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत मिरचीचा भाव आणि आवक रोज टिपणारी एखादी साधी प्रणाली, चाळीच्या पुनर्विकासात कोणत्या भाडेकरूची कोणती कागदपत्रे रुजू झाली आणि कोणती राहिली ह्याची नोंदवही, गणेशोत्सव मंडळाच्या वर्गणीचा चोख जमाखर्च, परळच्या टाटा आणि के. ई. एम. रुग्णालयांत परगावाहून येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांना निवाऱ्याची माहिती: ह्यांतले कोणतेही काम तीन-चार महिन्यांत एका विद्यार्थ्याच्या आवाक्यातले आहे, आणि त्यासाठी दहा माणसांशी बोलावे लागते, हाच त्यातला मोठा लाभ. गरज समजून घेणे ही सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगची पहिली पायरी आहे, असे विद्यार्थी उत्तरपत्रिकेत लिहितो. ती पायरी त्याने आपल्याच गल्लीत एकदा चढून पाहावी, अशी माझी कळकळीची सूचना आहे.

ह्याच ठिकाणी भाषेचा विषय निघतो. परळ, लालबाग, गिरगाव येथील मराठी शाळांतून आलेला विद्यार्थी बारावीपर्यंत कसाबसा इंग्रजीशी जुळवून घेतो. पण व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, वेळी उत्तर माहीत असूनही त्याची जीभ टाळ्याला चिकटते. डेटा स्ट्रक्चरमधला स्टॅक आणि क्यू ह्यांतला भेद त्याला मराठीत विचारावा. शेवटी ठेवलेले आधी निघते तो स्टॅक आणि आधी आलेला आधी सुटतो तो क्यू, हे तो क्षणात सांगेल. आपल्या भाषेत समजून घ्यावे, इंग्रजीत लिहावे आणि दोन्हींत बोलता यावे, ह्यासाठी शिक्षकांनी वर्गात निःसंकोचपणे मराठीचा आधार घ्यावा. काही प्राध्यापक असे करतातच, आणि त्यांच्या वर्गातली मागच्या बाकांवरची मुलेही प्रश्न विचारू लागतात.

आता नव्या व्यवस्थेविषयी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ला अनुसरून महाराष्ट्र शासनाने २०२३ च्या एप्रिलमध्ये पदवीच्या श्रेयांकांचा आराखडा ठरवून दिला; स्वायत्त महाविद्यालयांनी तो आधी आणि मुंबई विद्यापीठाच्या इतर संलग्न महाविद्यालयांनी २०२४-२५ पासून अमलात आणला. झेवियर्स, रुईया ह्यांसारखी स्वायत्त महाविद्यालये अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवतात, पदवी मात्र विद्यापीठाचीच असते. त्यामुळे तपशिलात फरक पडला, तरी चौकट सर्वत्र एकच आहे. दर सत्राला बावीस श्रेयांक, तीन वर्षांचे एकशे बत्तीस, आणि चौथे वर्ष केल्यास एकशे शहात्तर, अशी ती चौकट आहे. परंतु पहिल्या सत्रातल्या ह्या बावीस श्रेयांकांपैकी मुख्य विषयाचे, म्हणजे संगणकशास्त्राचे, केवळ सहा आहेत. उरलेल्यांत चार दुसऱ्या विद्याशाखेतल्या खुल्या विषयांचे, चार व्यवसायकौशल्य आणि कौशल्यवृद्धीचे, आणि भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानपरंपरा, सहशालेय उपक्रम ह्यांचे प्रत्येकी दोन. दुसऱ्या सत्रापासून उपविषय येतो. पुढे क्षेत्रप्रकल्प आणि समाजसेवा येते. सहाव्या सत्रात प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी प्रशिक्षण घेण्यासाठी चार श्रेयांक राखून ठेवलेले आहेत.

ह्या विस्ताराला माझा विरोध नाही. संगणकाच्या विद्यार्थ्याने इतिहासाचा किंवा अर्थशास्त्राचा एखादा विषय वाचावा, ह्यात त्याचे हितच आहे. परंतु जुन्या अभ्यासक्रमात गणित आणि संख्याशास्त्र हे सर्वांना सक्तीने आणि बरोबरीच्या मानाने मिळत होते, ते आता पुष्कळ अंशी महाविद्यालय कोणता उपविषय देऊ करते आणि विद्यार्थी कोणता निवडतो ह्यावर सोपवले गेले आहे. आणि सोपा म्हणून निवडलेला उपविषय पदवी संपेपर्यंत सोबत राहतो. प्रवेशाच्या अर्जातला उपविषयाचा रकाना म्हणूनच घाईने किंवा मित्राच्या सांगण्यावरून भरू नये. विभागातल्या प्राध्यापकांना भेटावे, आणि गणित किंवा संख्याशास्त्र उपलब्ध असेल, तर तेच लिहावे. ते उपलब्ध नसेल, तर ते का नाही, हे नम्रपणे पण ठामपणे विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे.

नव्या व्यवस्थेतली दुसरी मोठी गोष्ट म्हणजे मधली दारे. पहिल्या वर्षाचे चव्वेचाळीस श्रेयांक पुरे करून, कौशल्याचे आणखी चार मिळवून, विद्यार्थी प्रमाणपत्रासह बाहेर पडू शकतो. दुसऱ्या वर्षाअखेर तसाच पदविका घेऊन. मिळवलेले श्रेयांक बँकेतल्या ठेवीप्रमाणे त्याच्या नावावर जमा राहतात, तीन वर्षांच्या आत परत येऊन शिक्षण पुढे चालवण्याची सोय आहे, आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करावी लागते. घरच्या आजारपणामुळे किंवा कर्त्या माणसाची नोकरी सुटल्यामुळे ज्याच्यावर शिक्षण सोडण्याची पाळी येते, त्याचे केलेले श्रम वाया जाऊ नयेत, हा ह्यामागचा हेतू खरोखर दयाबुद्धीचा आहे. परळ-लालबागच्या गिरणगावाला ह्या दयाबुद्धीची किंमत अधिक कळेल. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या घरात गिरणी कामगार उतरले, आणि त्यानंतरच्या वर्षांत ह्या वस्तीतल्या किती मुलांनी शिक्षण अर्ध्यावर टाकून मिळेल ते काम धरले, ह्याच्या कहाण्या अजून घरोघर सांगितल्या जातात. त्या मुलांना असे दार असते, तर कदाचित काहीजण परत आले असते.

तरीही, हे दार अडचणीच्या वेळी वापरण्यासाठी आहे, हे विसरता कामा नये. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडलेल्या मुलाने मुख्य विषयाचे जेमतेम बारा श्रेयांक केलेले असतात. अल्गोरिदम, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क ह्यांची त्याला तोंडओळखही झालेली नसते. कमला मिलच्या आवारात, जेथे कधी काळी साचे चालत, तेथे आज काचेच्या कचेऱ्या आहेत. तेथे त्याला काम मिळेलही, पण ते कारकुनी स्वरूपाचे, आणि यंत्राने हिरावून घेण्याच्या धोक्यातले पहिले. एक वर्ष शिकून मिळणारा पगार पाहून घरच्यांनी मोहात पडू नये. ओढाताण असेल, तर शिष्यवृत्ती, शासनाची शुल्कसवलत, विश्वस्त निधी हे सर्व मार्ग आधी चाचपून पाहावेत आणि सहा सत्रे पुरी करू द्यावीत.

राहिला प्रश्न चौथ्या वर्षाचा. ज्याला संशोधनात जायचे आहे, किंवा ज्या परदेशी विद्यापीठांत सोळा वर्षांच्या शिक्षणाची अपेक्षा धरली जाते तेथे अर्ज करायचा आहे, त्याला ऑनर्सचे हे वर्ष उपयोगी पडेल, आणि त्यानंतर एम. एस्सी. एका वर्षात करता येईल. ज्याला लगेच मिळवते होणे भाग आहे, त्याने तीन वर्षांची पदवी घेऊन नोकरी धरावी. दोन वर्षांच्या एम. एस्सी. चे दार त्याला मागाहूनही उघडे असते, आणि नोकरीचा अनुभव घेऊन परत आलेला विद्यार्थी वर्गात निराळे प्रश्न विचारतो, असे ह्या विषयाचे प्राध्यापक आवर्जून सांगतात. अभियांत्रिकीची चार वर्षांची पदवी हा निराळा मार्ग आहे. त्याला निराळी प्रवेशपरीक्षा आणि बहुधा कितीतरी अधिक शुल्क लागते. ती मिळाली नाही म्हणून बी. एस्सी. ला आलेला मुलगा स्वतःला पराभूत समजतो, आणि घरचेही त्याला तसेच वागवतात. दादरच्या चौपाटीजवळ १९५४ पासून उभ्या असलेल्या कीर्ती महाविद्यालयाच्या संगणकशास्त्राच्या वर्गात काय, किंवा परळच्या एखाद्या महाविद्यालयात काय, आलेखसिद्धान्त तोच शिकवला जातो, जो पवईच्या आय. आय. टी. त शिकवतात. शिक्षक, प्रयोगशाळा, सोबती ह्यांत अंतर असेल, आणि ते मोठेही असेल. परंतु डाइक्स्ट्राची रीत कागदावर सोडवायला बसलेल्या विद्यार्थ्याला लागणारा वेळ, चिकाटी आणि खोडरबर ही दोन्हीकडे सारखीच असतात.